फळ्यापासून सात पावलं

राजपाल खडू अर्धा मोडूनच वापरायचा. बोलता बोलता चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचा. चहा बशीत ओतायचा आणि तो निवेपर्यंत पोरांच्या वह्या बघायचा. दर उन्हाळ्यात कलबुर्गीला जाऊन स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासून यायचा. घराबाहेर कुणाशीही कन्नडमध्ये बोलायला लागायचा. समोरचा मराठीत उतरला तरी हा उतरायचा नाही.

दुबलगुंडीत त्याची शिकवणी होती. घरी मराठी बोलणारी आणि शाळेत कन्नड शिकणारी पोरं तिथं यायची. त्याची एक रीत होती. ज्याला कन्नड येत नाही तो सगळ्यात मागं, फळ्यापासून सात पावलांवर. फळ्यावरचा धडा न अडखळता वाचला की एक पाऊल पुढं. बाकीची पोरं चार-सहा महिन्यांत पुढं सरकायची. त्याची स्वतःची मुलगी स्नेहा तीन वर्षं मागंच होती.

“मास्तराच्या पोरीलाच कन्नड येईना,” पोरं हसायची. राजपालला ते झोंबायचं.

“तिला फळा दिसत नसंल ओ,” त्याची बायको ज्योत्स्ना एकदा म्हणाली. “पुस्तक नाकाला लावून वाचायलीय.”

“तू दिवसभर मराठी बोलायलीस, तिला कन्नड कुठून येईल? डोळ्याचं कामून काढायलीस?”

स्नेहा दुसरीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती. भिंतीवर कन्नड अक्षरांचा तक्ता होता आणि स्नेहा रांगेत शेवटी. पुढच्यांचं ऐकून तिनं सगळी अक्षरं पाठ केली आणि घडाघडा म्हटली. राजपालच्या कानावर ते आलं. तिथं वाचता येतं, म्हणजे माझ्यासमोर सोंग करते, असं त्यानं धरलं. तोवर धडा अडखळला की तो तिच्या तळहातावर फूटपट्टी सपाट मारायचा. त्या दिवसापासून कडेनं मारू लागला.

ती दहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात, कपडे घ्यायचे म्हणून त्यानं तिलाही कलबुर्गीला नेलं. दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या नागरत्नाबाईंनी सहज तिला खुर्चीत बसवलं आणि उजवा डोळा झाकला.

“वरचं मोठं अक्षर सांग बाळा.”

“कुठलं?” स्नेहानं विचारलं. मग ती वडिलांकडं वळली आणि तिनं तळहात पुढं केला.

राजपाल त्या हाताकडं बघत राहिला.

दोन्ही डोळे तपासून डॉक्टर म्हणाले, “उजव्याला चष्म्यानं दिसेल. डावा डोळा आळसावलाय. शाळेत घालायच्या आधी एकदा आणि मग दर वर्षी डोळे तपासले असते, तर बराचसा सुधारला असता. पोरं सांगत नाहीत. त्यांना वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. आता चष्मा लावून रोज दोन तास उजव्यावर पट्टी बांधा, म्हणजे डावा कामाला लागेल. सहा महिने. थोडी आशा आहे, पण खाडा नको.”

पहिल्या दिवशी राजपालनं स्वतः पट्टी लावली आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. स्नेहा पानावर नुसतं बोट फिरवत राहिली. वीस मिनिटांनी म्हणाली, “अप्पा, आज काय चुकलं माझं?”

त्यानं पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत काढली. पुढं ज्योत्स्ना लावायची, आणि हा उठून काढायचा.

“मारताना हात कापला न्हाई,” ज्योत्स्ना म्हणाली. “आता कापायलाय व्हय?”



आता पाचवा महिना चालू आहे. एकाही दिवशी दोन तास पुरे झालेले नाहीत.