आभाळातून उतरलेला मांडव

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टर म्हणत, अजून पिकला नाही, थांबा. त्यामुळे सकाळचा पेपर मी वाचून दाखवायची. अण्णांना अग्रलेख नको असे, बाजारभाव नको असत. आतल्या पानाच्या कोपऱ्यात जगभरातल्या चमत्कारिक बातम्या येत, तेवढ्या त्यांना हव्या असत. कुठल्याशा बेटावर पावसात मासे पडले. एक माणूस पैजेखातर झाडावर राहायला गेला तो आता उतरायला तयार नाही. एका गावानं बोकडाला सरपंच केलं. अण्णा डोळे मिटून ऐकत आणि विचारत, "हे कुठं आलं गं?" मी देशाचं नाव सांगितलं की "लांब आहे" म्हणत आणि चहा मागत.

त्या दिवशीची बातमी चार ओळींचीच होती. नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, आकाशातून पांढरा राक्षस उतरला, ग्रामस्थांनी घाबरून नारळ फोडले, वगैरे.

"हे कुठं आलं?" अण्णांनी सवयीनं विचारलं.

"घोडेगावच्या पुढं कुठंतरी."

अण्णांनी डोळे उघडले. "म्हणजे एस.टी.नं जाता येईल."

आईनं डबा बांधून दिला. "अर्धवट डोळ्यांनी काय बघणार आहात?" एवढंच ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "आहेत तेवढ्यांनी."

तुमच्यापैकी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर आज रस्ता सोपा आहे. पुण्याहून निघालं की शिरूर, सुपा आणि मग तेव्हाचं नगर, आताचं अहिल्यानगर. तिथून औरंगाबादच्या दिशेनं इमामपूरचा घाट उतरलं की घोडेगाव. आता सुप्याला कारखाने आहेत आणि घोडेगावच्या पुढं कालव्याच्या आधारानं ऊस दिसतो. आम्ही गेलो तेव्हा सुप्याला नुसता माळ होता. रस्त्याच्या कडेनं दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली असायची. डोक्यावर ओलं फडकं, एका लयीत पडणारे हातोडे. गाडी पुढं गेली तरी तो आवाज बराच वेळ मागून येत राहायचा. अण्णा खिडकीशी बसून विचारत होते, "शेतं कशी दिसताहेत?" मी सांगितलं, "तांबूस आणि रिकामी." ते म्हणाले, "मला सगळं धुक्यात दिसतंय. बरं दिसतंय."

नगरच्या स्टँडवर डबा खाल्ला, गाडी बदलली. दिवस जनावरांच्या बाजाराचा होता, पण घोडेगावात उतरलो तर बाजारात घेणाऱ्यांपेक्षा विकणारे जास्त होते आणि बैलांच्या पाठीची हाडं मोजता आली असती. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. हॉटेलवाले चाचा म्हणाले, "राक्षस पाहायला आले का? लोक येऊन चाललेत. सोनईचा रस्ता सोडून डावीकडं वळा, वस्ती लागेल. पण जपून बोला. तिथं लोकांची मनं ठिकाणावर नाहीत."

त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. एका बैलगाडीत जागा मिळाली. वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चार ओळींनी त्या लोकांना एकदा पुरेसा त्रास दिलेला आहे.

लांबून पाहिलं तेव्हा मला खरंच भास झाला की माळावर तळं आहे. त्या उन्हाळ्यात, जिथं विहिरींचे तळ उघडे पडले होते, तिथं बांधापासून बांधापर्यंत काहीतरी चमकत होतं आणि त्यावर लाटा येत होत्या. जवळ गेलो तर तो पातळ, दुधी रंगाचा प्लास्टिकचा कागद होता. एवढा मोठा की दोन शेतं झाकून तिसऱ्यात गेलेला. वारा शिरला की फुगायचा, निःश्वास टाकल्यासारखा खाली बसायचा, आणि सळसळ अशी की डोळे मिटले तर नदीकाठी उभं आहोत असं वाटावं. अण्णा डोळे मिटूनच उभे राहिले.

"तुमीच छापलं व्हय पेपरात?" मागून आवाज आला.

शेताचे मालक होते, रंगनाथराव. पन्नाशीचे, उंच, खांदे पुढं आलेले.

"नाही," अण्णा म्हणाले. "आम्ही वाचणारे."

"मंग हसून झालं आसंल."

अण्णा खरंच हसले होते, मीही हसले होते. तेवढ्यात घरातून रंगनाथरावांच्या कारभारणीनं तांब्या आणून अण्णांच्या हातात दिला. त्या दिवसांत परक्याला पाणी देणं ही लहान गोष्ट नव्हती. अण्णा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काय झालं ते सांगाल का? पेपरात नीट नव्हतं."

रंगनाथरावांची मुलगी शालन दारात उभी होती, ती बोलली. ते उतरताना सगळ्यात आधी तिनंच पाहिलं होतं, भल्या सकाळी, दुष्काळी कामावर जायला निघाली तेव्हा.

"लई हळू आलं," ती म्हणाली. "घाई नव्हती त्याला. उनाचा पहिला कवडसा वरच्या वर त्याला लागला, खाली अजून अंधारच हुता. गाय व्याली की वार पडती ना, तशी आभाळाची वार पडल्यागत वाटलं. मला भ्या न्हाई वाटलं. हसूच आलं."

त्याच्याबरोबर एक पेटी पडली होती, धातूची, तारा असलेली. ती लोकांनी उचलून मारुतीच्या पारावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. नारळ फोडला तो घाबरून नव्हे. वरून काही आलं तर फोडतात तसा. राक्षस हा शब्द कुणीतरी घोडेगावच्या स्टँडवर गमतीनं बोललं आणि ते ऐकणारा कुणी पेपरवाला होता.

"आन ती गंमत सोनईपत्तुर पोचली," रंगनाथराव आता बोलले. शालनचं लग्न सोनईच्या एका घरात ठरलं होतं. येत्या परवाचा मुहूर्त होता. मुलाचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांच्यापुढं कुणीतरी पेपर वाचला. नानांनी निरोप पाठवला, ज्या शेतात असलं काही उतरलं तिथली सोयरीक यंदा नको, पुढल्या साली बघू. "पुढल्या साली कोन कुटं आसंल, सांगा," रंगनाथराव म्हणाले. शालन आत निघून गेली.

मला वाटलं, आता परतीची गाडी विचारावी. पण अण्णांनी उठण्याची काही हालचाल केली नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा धुरळा उडवत एक जीप आली. त्यातून साळवे नावाचे एक तरुण उतरले. मूळचे परभणीचे, नोकरी हैदराबादेला. हा कागद म्हणजे त्यांच्या लोकांनी सोडलेला फुगा होता. हवेच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला असे फुगे सोडतात, वारं नेईल तिकडं जातात, मग हे जीपनं त्यांच्यामागं हिंडतात. चार दिवस ते पेटी शोधत होते. पारावर हळद-कुंकवानं माखलेली पेटी पाहून ते तिथंच मांडी घालून बसले, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "काही फुटलं नाही. तुम्ही फार जपली."

"आन ह्यो कागुद?" रंगनाथरावांनी विचारलं.

"तो तुमचा. आम्हाला त्याचा उपयोग नाही."

अण्णांनी साळव्यांना जवळ बसवून घेतलं. हा किती उंच गेला होता, वर काय दिसतं. साळवे म्हणाले, ढगांच्याही कितीतरी वर. तिथं भर दुपारी आभाळ काळं असतं आणि वाऱ्याचा आवाजसुद्धा जवळजवळ नसतो.

"कुणी पाहिलंय?"

"इथल्या कुणी नाही. यंत्रं जातात फक्त. आणि हा कागद."

अण्णा बराच वेळ कागदावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "साळवे, तुमची जीप सोनईवरून नेता येईल का?"

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आम्ही सोनईला गेलो. अण्णा, मी, रंगनाथराव आणि मांडीवर पेटी घेतलेले साळवे. नाना ओट्यावरच बसले होते, सुती फेटा, हातात अडकित्ता. त्यांनी घोंगडी टाकायला लावली, चहा सांगितला, पण रंगनाथरावांकडं पाहिलं नाही. साळव्यांनी पेटी उघडून सगळं समजावलं. नानांनी ऐकून घेतलं.

"तुमी शिकल्याली मानसं, खरंच सांगत असाल," ते म्हणाले. "पन छापून आलंय. उद्या पोराला काय झालं, तर लोक म्हनतील, नानाला ठावं हुतं."

मग अण्णा बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"नाना, मी कित्येक वर्षं हेच वाचतोय. एका बेटावर आभाळातून मासे पडले. ढिगानं. लोकांना वाटलं, जग बुडालं. एका गावात घड्याळाचा मनोरा रात्रीत वाकला. कुठं लाल पाऊस झाला. दर आठवड्याला जगात कुठंतरी आभाळातून काहीतरी पडतंच आहे."

नाना सुपारी कातरायचे थांबले. "मासं पडलं, त्या गावात फुडं काय झालं?"

"ते छापत नाहीत," अण्णा म्हणाले. "आणि मी मूर्ख, मीही कधी विचारलं नाही. पण तिथंही पोरी होत्या, पोरं होती. त्यांची लग्नं झालीच असतील. मासे पडलेल्या गावच्या पोरीशी कुणी लग्न करायचं नाही म्हटलं, तर ते बेट कधीच ओस पडलं असतं."

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. मग हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"मासं उचललं का पन त्यांनी?"

"खाल्ले असतील."

"मंग बरं." त्यांनी प्रथमच रंगनाथरावांकडं पाहिलं. "चला, दाखवा तरी मला काय पडलंय ते."

जीपमध्ये नाना पुढं बसले. वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता आणि सगळा कागद आतून दिवा लावल्यासारखा केशरी झाला होता. नानांनी पायताण काढलं, कागदाची कड उचलली आणि वाकून आत शिरले. आतून त्यांची सावली तेवढी दिसत होती, इकडं तिकडं फिरणारी. बाहेर आले तेव्हा फेट्यावर धूळ बसली होती.

"रंगनाथ," ते म्हणाले, "मांडवाला कापड धरलंय का?"

"कुटलं कापड, नाना. चार फांद्या घालनार हुतो."

"मंग ह्याचाच घाल."

दुसरा दिवस मांडव उभारण्यात गेला. आम्हाला कुणी जाऊ दिलं नाही, आणि साळव्यांनाही. मेढी रोवल्या, कागद कापून ताणला, चारी बाजू मोकळ्या ठेवल्या, कडेनं लिंबाचे डहाळे बांधले. साळवे शर्टाच्या बाह्या दुमडून मेढीवर चढले होते आणि त्यांच्यापेक्षा रंगनाथरावच जास्त सूचना देत होते.

लग्न तिसऱ्या दिवशी, भर दुपारी लागलं. तसं ऊन मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाहेर माळ भाजत होता आणि आत सगळं दुधात बुडल्यासारखं. माणसांना कडा उरल्या नव्हत्या. शालनच्या पिवळ्या साडीचा रंग तिच्याभोवती हवेत थोडा सांडलेला दिसत होता. भटजींचा आवाज, वर ती पाण्यासारखी सळसळ. मी अण्णांच्या कानाशी लागून म्हणाले, "तुम्हाला दिसायला हवं होतं. सगळं कसं विरघळल्यासारखं झालंय."

"मला रोज असंच दिसतं," अण्णा म्हणाले. "आज तुम्ही सगळे आलात इथं."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

पंगतीला गुळाची लापशी होती, एकेक पळीच, आणि सरकारी धान्याच्या तांबड्या भाकरीबरोबर तिखट आमटी. नाना अण्णांना शेजारी बसवून जगातल्या आणखी बातम्या विचारत होते. बोकड सरपंच झाल्याचं ऐकून त्यांनी आपल्या ओळखीतल्या एकाचं नाव हळूच सांगितलं आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसले. शालन निघताना अण्णांच्या पाया पडली. "तुमी आला नसता, तर आमी पेपरातच ऱ्हायलो असतो," ती म्हणाली.

साळव्यांनी आम्हाला नगरला सोडलं. तिथून पुण्याची गाडी. अण्णा खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. जाड भिंगांचा चष्मा आला आणि पेपर ते पुन्हा स्वतः वाचू लागले. आज तिथं जाऊन पाहण्यासारखं काही नाही. तो कागद पुढं कुणाच्या छपरावर, कुणाच्या कडब्याच्या गंजीवर गेला असेल. लोक प्रवासातून काय आणलं विचारतात, तेव्हा मला अण्णांची त्या दिवशी घरी पोचल्यावरची गोष्ट आठवते.

आईनं पायांवर पाणी घातलं, ताट वाढलं, आणि अण्णा सांगू लागले. रंगनाथरावांचे खांदे कसे पुढं आलेले आहेत. त्यांच्या कारभारणीनं तांब्या कसा भरून दिला. नानांचा अडकित्ता कसा वाजतो. शालनला हसू का आलं होतं. साळव्यांचं लग्न अजून व्हायचं आहे आणि त्यांची आई परभणीला एकटीच असते. जेवण संपलं, ताट वाळलं, तरी सांगणं चालूच होतं.

शेवटी आईच म्हणाली, "अहो, पण ते आभाळातून काय पडलं होतं?"

अण्णांना ते आठवावं लागलं.

"ते होय," म्हणाले. "प्लास्टिक होतं."