दारात न मावणारी गवळण

सोसायटीतल्या मुलींनी दिवाळीचा किल्ला केलाय. त्यावरची मातीची गवळण किल्ल्याच्या दरवाजाहून उंच आहे. मला राहवेना.

"अगं, ही आत कशी जाणार?"

"काका, ती दूध घालून घरी चाललीय. आत कशाला जाईल?"

हसलो खरा, पण आत कुठेतरी टोचलं. मला छोट्या प्रतिकृती करायचा नाद. एकास बहात्तर म्हणजे सहा फुटी माणूस इंचभर. मग त्याचं झाड, त्याचं विमान, सगळं त्याच मापात हवं. आज सांगूनच टाकतो, माझी लेक मुक्ता लहान असताना तिच्या किल्ल्यावरची गवळण मीच उचलून ठेवली होती. "माप चुकलंय," म्हणालो. "पण बाबा, ती माझी आवडती आहे," एवढंच ती बोलली. पुन्हा तिने किल्ला केला नाही. जे लाडकं तेच मोठं, हेही एक मापच की! मला मात्र एकच माप येत होतं.

उद्या मुक्ता दिवाळीला येतेय. माळ्यावरची गवळण पुसून माझ्या काचेच्या कपाटात, इंचभर सैनिकांच्या मधोमध उभी केली. तिच्या डोक्यावरच्या मडक्यासाठी वरची फळी काढावी लागली. विमानं सध्या जेवणाच्या टेबलावर उतरली आहेत.