हंसाची पत

हंसा माझी धाकटी बहीण, सख्खी. आख्ख्या घिवलीत अशी बाई दुसरी नाय. हे भाऊ म्हणून सांगत नाय, सातवी शिकून बोईसरच्या कारखान्यात ऑपरेटर झालेला माणूस सांगतोय. आमच्या घरात माझ्यासारखं डोकं तिलाच.

पण त्या डोक्याला एक खोड होती.

आमच्या किनाऱ्यावर होडीवाल्याची बायको मासळी देते ती शब्दावर. सकाळी पाटी उचलायची, बोईसरच्या बाजारात विकायची, दुसऱ्या सकाळी पैसे द्यायचे, मग नवी पाटी. कागद नाय, सही नाय. दुपारी हातात नोटा आल्या की हंसाला त्या आपल्याच वाटायच्या. स्टीलचा डबा घे, पोरीला फ्रॉक घे, आणि पाटी देणाऱ्या रंभाबाईला "उद्या देते." रंभाबाई कावली की दुसऱ्या होडीवालीची, सुगंधाची, पाटी उचलायची आणि त्या पैशात रंभाबाईला गप करायचं. हंसाला वाटे, फेडलं. देणं नुसतं एका दारातून उठून दुसऱ्या दारात बसायचं.

सत्याऐंशीच्या शिमग्यानंतर त्या दोघींनी आपापसात हिशेब जुळवला. सकाळी हंसा पाटीला हात घालते तर रंभाबाईने वर हात ठेवला.

"कुठं नेतेस?"

"बाजारात, काकी. रोजच्यासारखी."

"रोजच्यासारखे बुडवायला? दोघींचे सतराशे झालेत. डबे वीक तुझे, स्टीलवाली."

बाजूच्या बायका हसल्या. सुगंधा म्हणाली, "रोख असंल तर घे. तुझ्या शब्दाला आता कुत्रं विचारत नाय."

हंसा रिकामी पाटी घेऊन घरी आली. मला कळलं तसा मी सतराशे घेऊन तिच्या दारात. माझ्याकडं असतात, मी काय ऐरागैरा नाय. तिनं नोटांकडं बघितलं. गळ्याशी आलं होतं, घ्यावंसं वाटत होतं. पण उद्या पाटी मिळेल ती दादाच्या नावावर, हे तिला दिसत होतं.

"दादा, ठेव खिशात. तू दिलेस तर पत तुझी वाढंल."

"आणि खाशील काय?"

"रोखीनं अर्धी पाटी घेईन."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाय. तिसऱ्या दिवशी कळलं, बरोबर बोलली. मला कळायला वेळ लागत नाय.

चांगले होते ते डबे तिनं विकले. बोईसरहून एसटी आली की घरी न जाता आधी रंभाबाईच्या ओट्यावर, मग सुगंधाच्या. जमेल तेवढं ठेवायचं. एकदा फक्त तीन रुपये होते.

"तीन? च्यालासुदा पुरत नाय," रंभाबाई म्हणाली.

"उद्या जास्त आणीन. आजचे आज ठेव."

कापडवाल्याचं दुकान आलं की ती रस्त्याच्या पलीकडून चालायची. पोरगी फ्रॉकसाठी रुसली तर म्हणाली, "रुस." पावसात होड्या वर ओढल्या, तेव्हा सुकट घेऊन उमरोळीला, तिथून चिखल तुडवत डोंगराकडच्या पाड्यांवर. पायांना भेगा पडल्या. ओट्यावरचा फेरा एक दिवस चुकला नाय. आधी सुगंधाचे फिटले.

नारळी पुनव झाली, होड्या दर्यात गेल्या. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिनं रंभाबाईच्या हातात शेवटचे चाळीस रुपये ठेवले. रंभाबाईने दोनदा मोजले. "झाले," एवढंच बोलली आणि आत गेली. पैसे फिटले, पण शब्द परत आला का, हे हंसाला काय कळलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्ध्या पाटीचे पैसे मुठीत धरून किनाऱ्यावर गेली. रंभाबाईने मांदेल्यांच्या भरल्या दोन पाट्या तिच्यापुढं सरकवल्या.

"मूठ सोड. पैसे उद्या दे."

हंसाने पैसे कनवटीला लावले. "एकच नेते, काकी. दोन खपतील का, आज सांगता येत नाय."

"बघ बाय, मागून मागशील तर मिळायची नाय."

"नाय तर नाय."

तिनं एक पाटी डोक्यावर घेतली आणि एसटीकडं चालू लागली.