होडीचा फाळ

माझ्या सासऱ्यांना, आबांना, 'नको' म्हणताच येत नसे. न्हाव्याने न मागता मालिश सुरू केलं तर मान अवघडेपर्यंत बसून राहत. लग्नात कुणी चौथ्यांदा जिलबी वाढली तर मुकाट्याने खात आणि घरी येऊन सोडा पीत. आबा जाऊन आता दोन पावसाळे झाले, पण माझी चीड काही गेलेली नाही.

उभी हयात त्यांनी मुंबईच्या गोदीत बोटी दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन धुळ्याला आले ते सामानाच्या ट्रकमागे दुसरा ट्रक घेऊन, आणि त्यावर एक जुनी शिडाची होडी! देश सोडून निघालेला कुणी साहेब 'घेऊन जा' म्हणाला आणि हे घेऊन आले. समुद्र इथून कुठल्या कुठे. होडी घराशेजारच्या मोकळ्या जागेत लोखंडी घोड्यांवर उभी राहिली आणि माझी कपडे वाळत घालायची जागा गेली. आबांची इच्छा एवढीच, की जिच्या काठी जन्मलो त्या तापीच्या धरणात एकदा तरी शीड उभारायचं.

अडचण कीलची होती. कील म्हणजे होडीच्या पोटाखालचं ओतीव लोखंडाचं जाड पातं. त्याच्या वजनामुळे होडी वाऱ्यात कलंडत नाही. ते गंजून त्याचे पोपडे सुटत होते. आबा ग्राइंडर लावून ते चांदीसारखं घासून काढत. घासलेल्या लोखंडावर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे, नाहीतर पुन्हा गंज धरतो, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. आणि घासायला मुहूर्त कुठला, तर दरवर्षी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस! आखाजीला यावलकडून नाना येणार हे ठरलेलं.

नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. त्यांनी शेत सांभाळलं म्हणून आबा मुंबई पाहू शकले. आता शेत मुलांकडे गेलं होतं, हात थरथरत होते, तरी कुणाच्या घरी रिकामं बसून जेवायचं नाही हा हेका कायम. लेकीकडे गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा होडीखाली वाकून म्हणाले, "इतला मोठा नांगर, नि फाळ उघडा! तेल लावाबिगर फाळ कोनी ठेवस का?" आबा चहा सांगायला आत आले तेवढ्यात नानांनी गॅरेजवाल्याकडून जळकं ऑइल आणलं आणि अख्खी कील चोपडून काढली.

तेलकट लोखंडावर रंग धरत नाही. थिनरने पुसा, पुन्हा घासा, सगळं पहिल्यापासून. मी आबांकडे पाहिलं. आता तरी बोलतील!

"बेस करं, नाना," आबा म्हणाले.

छान केलं म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला. नाना खूश. मग ते मृग लागेपर्यंत राहिले. आठवडा झाला की पुन्हा तेल. माझ्या चादरींवर, उशांच्या अभ्र्यांवर तेलाचे हात. सकाळी दोघे भाऊ होडीच्या सावलीत बसून वांग्याचं भरीत कुठल्या गावचं चांगलं यावर भांडत. नाना गेले की पाऊस सुरू होई, आणि दमट हवेत रंग लावायचा नाही, म्हणून काम पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. "आबा, त्यांना सांगा तरी, नाहीतर आखाजीच्या आधी रंगवून मोकळे व्हा!" मी कितीदा म्हटलं असेल. आबांचं उत्तर एकच: "बघू."

एका थंडीत नाना वारले. त्या चैत्रात आबांनी कील घासली, त्याच संध्याकाळी प्रायमर चढवला, खड्डे पुट्टी भरून बुजवले, वरून रंगाचे हात दिले. आखाजी यायच्या आत कील काळीभोर तयार! मी बघतच राहिले.

दिवाळीनंतर होडी धरणात उतरली. शीड भरलं, एक फेरी झाली, आणि आबा लगेच काठाला आले. ऊर वगैरे काही भरून आला नाही माझा. मला संताप आला.

"चार दिवसांचं काम होतं हे, आबा! नानांना एका शब्दाने सांगितलं असतंत, तर तेही आज यात बसले असते."

"बसला असता," आबा दोर गुंडाळत म्हणाले. "एक दिवस. पण कील रंगवून झाली असती, तर पोरी, तो महिना महिना माझ्याकडे कशाला राहिला असता?"