चौथ्या मजल्यावरची पायवाट

जपानच्या डोंगरातल्या कामितानी वाडीत रात्री बर्फ पडला की सकाळी आधी फावडं, मग चहा. दारापासून रस्त्यापर्यंत एक माणूस जाईल एवढी पायवाट मोकळी करायची, कंबर सरळ करायची आणि शेजारच्या घराकडे बघायचं. तिथली पायवाट निघालेली दिसली की समजायचं, शेजारी धडधाकट आहे. ऊन देवदारांच्या शेंड्यावर आलं तरी निघाली नसेल, तर आपलं फावडं उचलून तिकडे जायचं. असा काही नियम कुणी केलेला नव्हता.

ही रीत किनुए लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात शिकली. पहिल्या सकाळी तिनं फावडं असं काही चालवलं की सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, पायवाट काढायचीय, विहीर नाही खणायची!" तेव्हा वाडीत वीसेक घरं होती. किनुएचे हात चपळ आणि जीभ हातांहून चपळ. पायथ्याच्या औषधांच्या कारखान्यात पोटदुखीच्या पुड्या बांधण्यात तिचा जन्म गेला. नवरा मोकिची अगदीच अबोल. "आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे, ऐकायचं काम चुलीकडे," असं ती सांगत फिरायची. मोकिची गेला, मुलगा नागोयाला गेला तो तिकडचाच झाला, आणि वाडीतली घरं एकेक करून बंद पडली. शेवटी वर दोघंच उरली. एक ती, आणि दुसरा रस्त्यापलीकडचा योहेई. योहेई म्हणजे मोकिचीचा बालमित्र, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, एका कानानं बहिरा आणि दोन्ही कानांनी हट्टी.

दोघांत फारसं बोलणं नसायचं. सकाळी दोन्ही फावडी थांबली की तो हात वर करायचा, ती मान हलवायची. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

एका हिवाळ्यात किनुए स्वयंपाकघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. फोन पलीकडच्या खोलीत. हलता येईना, ओरडायला आवाज फुटेना. पडल्या पडल्या तिला खिडकीतून देवदाराचा शेंडा तेवढा दिसत होता. त्यावर ऊन आलं, आणि थोड्या वेळानं बाहेर फावड्याचा खरखर आवाज ऐकू आला. योहेई तिची पायवाट काढत काढत दाराशी पोचला होता. आत येऊन त्यानं तिला जमिनीवर पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, चहाला बोलवायची ही कुठली पद्धत?" मग स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा हात हातात धरून बसला. त्या हाताबद्दल पुढे दोघांपैकी कुणीच कधी अवाक्षर काढलं नाही.

त्या वसंतात नगरपालिकेची एक मुलगी मोठा नकाशा घेऊन वर आली. शहर नको तितकं पसरलंय, माणसं म्हातारी झालीत, कोपऱ्याकोपऱ्यात रस्ते, पाणी आणि बस पुरवणं झेपत नाही, असं तिनं समजावलं. तेव्हा सगळ्यांनी ट्रामच्या रुळांजवळ राहायला यावं. तिथं दवाखाना, दुकान, सगळं चालत जाण्याजोगं, आणि घर बदलायला मदतही मिळेल.

"सोप्पं आहे, आजी. रूळ म्हणजे काडी, आणि स्टेशनांभोवतीच्या वस्त्या म्हणजे काडीला ओवलेले दांगोचे गोळे."

योहेई नकाशावर वाकला. "आणि आम्ही कुठं?"

मुलीनं बोट नकाशाच्या कडेला नेलं. तिथं रंगच नव्हता.

"म्हणजे ताटलीत सांडलेलं पीठ!"

मुलगी कानापर्यंत लाल झाली. "तसं नाही हो, आजोबा..."

"लेकराला कशाला छळता?" किनुए म्हणाली आणि तिनं घरी केलेल्या तांदळाच्या दांगोंची बशी पुढे सरकवली. मुलीचं काही चुकत नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. दोन म्हाताऱ्यांसाठी डोंगरावर बर्फ काढायचं यंत्र कुणी किती वर्षं पाठवावं?

नागोयाहून मुलगा आला. त्यानं एकच प्रश्न विचारला. "आई, पुढच्या खेपेला योहेईकाकाच पडले, तर तुझ्याकडे कोण बघणार?" शरदात तिनं सामान बांधलं.

"तुम्हीही चला," ती योहेईला म्हणाली. "माझ्याच इमारतीत एक खोली रिकामी आहे."

"मला उंचावर गरगरतं."

"जन्मभर डोंगरावर राहिलात आणि गरगरतं?"

"डोंगर हलत नाही. लिफ्ट हलते."

खोटं कशाला बोलायचं, खाली तिला सुख लागलं. इमारतीसमोरच ट्रामचा थांबा. ट्रामचा दरवाजा फलाटाच्या सपाटीला, त्यामुळे मोडलेल्या खुब्यालाही चढउतार करावी लागत नसे. म्हाताऱ्यांचा पास दाखवला की शंभर येनमध्ये शहराच्या पोटात. डॉक्टर दोन थांब्यांवर, गरम पाण्याचं स्नानगृह तीन थांब्यांवर. ट्राममध्ये पोरं उठून जागा द्यायची. सगळे नीट वागायचे आणि कुणी तिला ओळखायचं नाही.

चौथ्या मजल्यावर एका बाजूनं उघडा असलेला लांब व्हरांडा होता आणि त्यात ओळीनं एकसारखी राखाडी दारं. शेजारीण दिसली की वाकून नमस्कार करायची आणि दार लावून घ्यायची. किनुएची ती चपळ जीभ तोंडात नुसती पडून असायची. कधी कधी संध्याकाळी तिच्या ध्यानात यायचं, की सबंध दिवसात आपण फक्त दुकानातल्या मुलीला "पिशवी नको" एवढंच म्हणालो.

पहिला बर्फ पडला त्या पहाटे ती सवयीनं उठली. गावाहून आणलेलं फावडं घेतलं आणि लिफ्टनं खाली गेली. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून जमिनीतलं कोमट पाणी उडत होतं आणि लोखंडाच्या गंजानं तांबडा झालेला रस्ता ओला, स्वच्छ पडला होता. काढायला बर्फ म्हणून नव्हता. ट्रामसाठी थांबलेल्या लोकांनी, हातात फावडं घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला अवघडू नये म्हणून, दुसरीकडे बघितलं. किनुएनं डोंगराकडे पाहिलं. आज सकाळी योहेईची पायवाट कुणी बघितली?

तिनं फोन केला. "आहे जिवंत. ठेवतो," म्हणून त्यानं ठेवला. जानेवारीत सलग तीन दिवस जोराचा बर्फ झाला, आणि त्या तीन दिवसांत त्यानं फोन उचललाच नाही.

वरची बस तोवर बंद झाली होती. शेवटच्या स्टेशनाहून आधी सांगून ठेवलं तर एक छोटी गाडी मिळायची. चौथ्या दिवशी किनुएनं ती ठरवली, योहेईसाठी बांबूच्या पानात दाबलेली माशाची सुशी घेतली आणि ट्राममध्ये बसली. "अर्धा तास थांबतो, आजी. परत बर्फ सुरू झाला तर अडकू," ड्रायव्हरनं वर पोचल्यावर सांगितलं.

योहेईच्या दारापुढे पायवाट नव्हती. बर्फ कंबरेएवढा, त्यावर पाखराच्या पायाचासुद्धा ठसा नाही. किनुएला पुढचं नीट आठवत नाही. तिनं गाडीतलं फावडं ओढून घेतलं, खुबा विसरून खणत सुटली, ड्रायव्हर मागून "मी करतो, मी करतो" म्हणत होता. "योहेई-सान!" ती ओरडत होती. मग तिनं दार ढकललं.

योहेई कोतात्सूच्या, म्हणजे खालून शेकणाऱ्या बैठ्या टेबलाच्या, उबदार पांघरुणात पाय घालून, संत्रं सोलत टीव्हीवर सुमो बघत होता.

"अरे वा! वहिनी," तो म्हणाला. "दार लावा, गारठा आत येतो."

किनुए मटकन खाली बसली. "फोन? फोन का नाही उचलत?"

"उशीखाली ठेवलाय. सारखं कुणी ना कुणी गाद्या विकायला फोन करतं."

"आणि पायवाट? पायवाट का नाही काढली? मी... मी मेले ना तिथं रस्त्यावर!" आणि ती एवढी मोठी बाई हमसून रडायला लागली.

योहेईनं टीव्ही बंद केला. सोललेलं संत्रं तिच्यापुढे सरकवलं.

"कुणासाठी काढू?" तो म्हणाला. "समोर बघणारं कोण आहे?"

किनुएनं बाहीनं डोळे पुसले. मग तोच म्हणाला, "मी आलो होतो खाली. नोव्हेंबरात."

"माझ्याकडे? मला कशी नाही भेटलात?"

"चौथ्या मजल्यापर्यंत आलो. त्या लिफ्टमधून. सगळी दारं सारखी. चष्मा घरी, नावाच्या पाट्या वाचता येईनात. एक बाई बाहेर आली, तिनं असं बघितलं, जसा काही मी चोरायला आलोय. मग गेलो परत." तो हसला. "तुमच्या दारापुढे पायवाट असती, तर ओळखलं असतं."

"चला माझ्याबरोबर. आत्ता."

"नाही वहिनी."

"मग रोज पायवाट काढा. मी बघीन."

"कुठून?"

बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. सुशी कोतात्सूवर ठेवून किनुए उठली. गाडी वळणावर गेली तेव्हा तिनं मागे पाहिलं. तिचं बंद घर खिडक्यांपर्यंत बर्फात बुडालं होतं.

दुसऱ्या पहाटे शहरात वारा होता. उघड्या व्हरांड्यात घोट्याएवढा बर्फ उडून आला होता. किनुएनं केराची सुपली घेतली आणि वाकून आपल्या दारापासून लिफ्टपर्यंत एक माणूस जाईल एवढी पायवाट काढली. इमारतीचा रखवालदार ओकुनो झाडू घेऊन वर आला.

"आजी, हे माझं काम आहे. मी सगळाच व्हरांडा साफ करतो."

"करा की. पण माझी पायवाट आधी असू द्या. कुणी आलं, तर त्याला दार कळायला हवं."

"पाहुणे यायचेत? कधी?"

"नक्की नाही," ती म्हणाली.

त्यानंतर बर्फ उडून आला की पहाटे सुपलीचा आवाज व्हायचा. ओकुनो हसायचा, मान डोलवायचा. पाहुणा मात्र आला नाही. ट्राम थांब्यावर आली की किनुए कठड्यावरून वाकून उतरणारे लोक बघायची. टोप्या, छत्र्या, काठ्या दिसायच्या, पण त्यात योहेईची वाकडी चाल नसायची.

फेब्रुवारीत बर्फाच्या एका रात्री तिला ताप चढला. सकाळी डोळा उघडला तो घंटेच्या आवाजानं. भिंत धरत धरत तिनं दार उघडलं. ओकुनो उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"काही नाही... आज तुमची पायवाट नव्हती," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा बघून यावं."

किनुए त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. बिचारा घाबरला. "डॉक्टरांना बोलावू?"

"डॉक्टर नको. आत या, चहा घ्या."

तिनं चहा ओतला. तिच्या दारापुढे बघणारं माणूस या परक्या शहरात तिला मिळालं होतं. वर कामितानीत ज्या योहेईनं तिची न निघालेली पायवाट बघून तिचा जीव वाचवला, त्याच्या दाराकडे बघायला मात्र जगात कुणी नव्हतं. हे तिला सहन होईना. ओकुनो गेल्यावर तिनं गाडीच्या कचेरीत फोन लावला.

"कामितानी. दर सोमवारी आणि गुरुवारी. बर्फ संपेपर्यंत."

"कारण काय टाकू, आजी?" पलीकडची मुलगी म्हणाली. "दवाखाना, खरेदी की नातेवाईक?"

"शेजारी."

"शेजारी असं यात नाहीये."

"मग घाला," किनुए म्हणाली.

ताप उतरला त्या गुरुवारी ती निघाली. योहेईला कळवलं नव्हतं, फोन उशीखालीच होता. रात्रभर बर्फ पडला होता आणि ऊन नुकतंच देवदारांच्या शेंड्यावर आलं होतं. गाडी शेवटच्या वळणावर आली तेव्हा तिनं काच पुसली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मग उघडले.

योहेईच्या दारापासून रस्त्यापर्यंत पायवाट निघालेली होती. आणि रस्त्याच्या अलीकडे, तिच्या बंद घराच्या दारापासूनही एक निघालेली होती. दोन्ही कडांवर आठवड्यांचा बर्फ थरांथरांनी रचलेला होता. म्हणजे ती रडून गेली तेव्हापासून तो रोज दोन पायवाटा काढत होता. आधी आपली, मग तिची. मग कंबर सरळ करून, समोरचं रिकामं घर बघून आत जात होता.

तिच्याच दाराशी तो फावड्यावर रेलून उभा होता. गाडी दिसल्यावर त्यानं हात वर केला.

किनुएनं काचेआडून मान हलवली. "अर्धा तास, आजी," ड्रायव्हर म्हणाला.