मागच्या चाकांतली हवा

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आमच्या दारात बस आली. सासरचे आम्ही कोष्टी. गोळीबार चौकाजवळच्या घरात माग चालू होते, पण इतवारीतले दुकानदार आमची लुगडी पहिल्यासारखी उचलत नव्हते. मिलचं पातळ स्वस्त पडायचं. यजमानांच्या मनात आलं की लुगडं नेसणारी बाई खेड्यात आहे, तर आपणच तिच्या गावी जावं. काही वर्षं ते शहराबाहेर वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टात ट्रकवर होते, त्यामुळे गाडीची त्यांना भीती नव्हती.

त्यांनी निलामातून एक जुनी प्रवासी बस घेतली. सीटा काढून फळ्या ठोकल्या, मधे दोन खाटा टाकल्या, दाराशी स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप ठेवला. एका आठवडी बाजारातून दुसऱ्या बाजारात जायचं, रात्री बसमध्येच झोपायचं, असा बेत होता. पण बस डांबरी सडक सोडून आत जाऊ शकत नव्हती. म्हणून कामठीहून डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने विकायला काढलेली, एक जीप आणली. ड्रायव्हर एकच, तेव्हा जीप बसच्या मागे लोखंडी दांड्याने जोडायची आणि ओढत न्यायची. ट्रकवाले त्याला टोचन म्हणतात.

पहिल्याच फेरीत कोंढाळी मागे टाकल्यावर एक ट्रक भोंगा वाजवत आमच्या बाजूला आला. त्याचा क्लीनर दारावर थापा मारून मागे हात दाखवत होता. यजमानांनी बस कडेला घेतली. उतरून पाहतो तर जीपचं एक मागचं चाक नुसत्या रिमवर आलेलं. टायरच्या चिंध्या सडकेवर मागे लांबवर पडल्या होत्या. जळक्या रबराचा वास असा की मी पदर नाकाला लावला.

"तुमाले काहीच कळलं नाही?" मी विचारलं.

"काय कळन? बस जिपेले अशी ओढून नेते जशी मागं काही नाहीच," ते म्हणाले. ते रिमजवळ बसून राहिले होते.

नवं टायर घालून घरी आलो आणि घरात एकच विषय सुरू झाला. पुन्हा असं झालं तर आधी कसं कळावं? माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, त्यांचं म्हणणं साधं होतं. "टॉमी मारून पाह्य गा. आवाज टणक आला तं हवा आहे. सारे ट्रकवाले हेच करतात." टॉमी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. यजमानांना ते पटत नव्हतं. टॉमीने हवा आहे की नाही एवढं कळतं, कमी झाली हे कळत नाही, असं ते म्हणायचे. त्यांना मीटर हवं होतं.

एका सकाळी आम्ही तिघं वाडीला टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन मीटरं काउंटरवर ठेवली. एक पेनासारखं, व्हॉल्व्हवर दाबलं की त्यातून आकड्यांची पट्टी बाहेर यायची. दुसरं घड्याळासारखं गोल, काट्याचं, रबरी नळी लावलेलं. यजमानांची नजर त्या गोल मीटरवरून हलेना. दुकानदाराने बाहेर उभ्या असलेल्या आमच्या जीपच्या एकाच चाकाला दोन्ही लावून दाखवली. दोघांचे आकडे जुळले नाहीत.

"यातलं खरं कोणतं?" यजमान म्हणाले.

"ते मी नाही सांगू शकत," दुकानदार हसून म्हणाला. "एकच घ्या अन् रोज तेच लावा. कालच्यापेक्षा कमी दाखवलं तं समजा हवा जाऊन राहिली. अन् सकाळी पाहत जा, गाडी थंडी असताना. सडकेवर चाक तापलं की मीटर जास्त दाखवते."

मामाजींनी गोल मीटर हातात घेऊन पाहिलं. "हे बसमधून पडलं का गेलं," म्हणाले. मग पेनासारखं उचलून त्यांनी ते सदऱ्याच्या खिशाला अडकवून पाहिलं आणि दुकानदाराकडे मान हलवली. तेच घ्यायचं ठरलं.

दुकानात बाईमाणूस मी एकटीच. तरी विचारलंच, "हे तं गाडी थांबल्यावर सांगते. चालत्या गाडीत कोण सांगन?"

"तसं मीटर अजून आलं नाही, बाई," दुकानदार म्हणाला. "तिथं मागं पाहणारा माणूसच पाह्यजे."

बसची मागची काच लुगड्यांच्या फळ्यांमागे झाकली गेली होती. घरी आल्यावर मी म्हटलं, फळ्या काढा, मी मागे बसते. यजमान चिडले. "मग माल कुठं ठेवू? तुह्या डोक्यावर?" दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच करवत घेऊन मधल्या फळ्या कापल्या आणि काचेशी एक जुनी सीट परत ठोकली. बसमध्ये कंडक्टरची घंटी आणि तिची दोरी शाबूत होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

मला वाटलं होतं त्याहून ते काम कंटाळवाणं निघालं. काचेतून जीपचं तोंड आणि पुढची चाकं दिसायची. मागची वळणावरच दिसत, आणि धूळ उडाली की तीही नाही. जरा जीप हेलकावली की मी घंटी मारायची. यजमान उतरून मीटर लावायचे, हवा बरोबर असायची. "पुन्हा घंटी मारशीन तं चाकाजवळ जाऊन पाह्यजो तूच," असं एका फेरीत म्हणाले. त्यानंतर दोरीला हात लावताना मी कचरू लागले.

त्याच फेरीत कारंज्याच्या बाजाराला जाताना मला वास आला. जीप तर मागे सरळ चालली होती. आधी वाटलं शेतात कोणी काडीकचरा पेटवला असेल. पण वास आमच्या सोबतच येत होता, आणि माझ्या पायांखालची पत्र्याची जमीन गरम लागत होती. तरी मी थोडा वेळ तशीच बसले. मग घंटी मारली.

"आता काहून?" ते आले ते रागातच.

"जीप नाही. वास येऊन राहिला, खालून."

त्यांनी बसची मागची चाकं पाहिली. बसला मागे जोडचाकं असतात, बाहेरचं एक, आतलं एक. बाहेरच्याला मीटर लावलं, हवा पुरेपूर. "मले तं काही दिसून नाही राहिलं," म्हणाले, आणि उठणार तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, टॉमी आणून आतल्या चाकावर हाणली. आवाज आला तो गादीवर काठी मारल्यासारखा. त्यांनी हात आत घातला आणि झटक्यात बाहेर काढला. चटका बसला होता. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह अडचणीच्या जागी असल्यामुळे सकाळी मीटर लागतच नव्हतं, आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं. सारा भार बाहेरच्या चाकावर चालला होता.

"आणखी थोडं गेलो असतो तं पेटलंच असतं," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, पण म्हणाले. मी पिंपातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. जॅक लावून दोन्ही चाकं खोलणं, स्टेपनी चढवणं, यात सकाळ गेली. कारंज्याला पोचलो तेव्हा चांगल्या जागा गेल्या होत्या. बैलगाड्या सोडतात तिथे कडेला उभं राहावं लागलं. तिथेही बाया आल्या, माल बऱ्यापैकी खपला.

वाडीच्या दुकानदाराने पुढे आतल्या व्हॉल्व्हला वाकडी नळी जोडून दिली, म्हणजे मीटर बाहेरूनच लागू लागलं. मागच्या सीटवर मी बसत राहिले. घंटीवरून बोलणं मात्र त्यांनी बंद केलं.

बस आम्ही बरीच वर्षं चालवली. मग पेट्रोल परवडेना म्हणून आधी जीप विकली, आणि खेड्यातल्याही पोरी लुगडं सोडून गोल पाचवारी पातळं नेसू लागल्यावर बसही गेली. यजमान पुन्हा ट्रकवर लागले. मी इतवारीतल्या एका दुकानात लुगडी दाखवायला जाऊ लागले. तिथे गादीवर बसून गिऱ्हाइकाने कोणत्या काठाला आधी हात लावला यावरून ती बाई कारंज्याकडची की उमरेडकडची, हे मी इतक्या बाजारांतल्या सवयीने ओळखायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.