छपरावरचा रॉजर

गाडीच्या छपरावर बहात्तर वर्षांचा माणूस असताना मी ती गाडी दोन मैल चालवली, यात माझी काहीही चूक नव्हती. चूक होती ती कुरडयांची. आणि थोडी त्या माणसाचीही, कारण तो माझ्या छपरावर मला न विचारता चढला होता. (माझ्या बायकोला विचारून चढला होता. तेच तर दुखणं आहे!)

सांगतो. तीस वर्षं अमेरिकेतल्या प्लेनो शहरात कम्प्युटरसमोर बसून पाठीचा कणा वाकल्यावर मी रिटायर झालो आणि एक आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे बसएवढी गाडी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. माझी बायको शैला आत एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "अहो, कर्वेनगरातली दीड खोली सोडून आपण अमेरिकेत आलो ते चाकांवरच्या एका खोलीत राहायला?"

पंधरा दिवस वाद घातल्यावर तह झाला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, मासातलान शहरात, एक महिना गाडीतच राहून बघायचं. महिना संपला की शैला निकाल देणार. आवडलं तर गाडी ठेवायची, नाही तर प्लेनोला परतल्या परतल्या विकून टाकायची. माझा जीव त्या गाडीत अडकलेला, त्यामुळे मी महिनाभर आदर्श नवऱ्यासारखं वागायचं ठरवलं. पाच दिवस एकट्याने ड्राइव्ह करून गाडी तिथे नेली. घाट उतरताना शैला डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, पण त्यात माझ्याविषयी अविश्वास नसावा, असं मी मानून घेतलं.

मासातलानला आरव्ही लावायच्या तळावर शेजार मिळाला तो रॉजरचा. ओहायोचा रिटायर्ड फायरमन. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. उंची सहा फूट दोन इंच आणि पोट नाही. (बहात्तराव्या वर्षी पोट नसणं मला माणुसकीला धरून वाटत नाही.) दुसऱ्याच दिवशी आमचा पाण्याचा पंप बंद पडला. मी मॅन्युअलचं सातवं पान शोधेपर्यंत रॉजरने तो सुरूसुद्धा केला.

"किती हुशार माणूस आहे, नाही?" शैला म्हणाली.

"पंपच तर होता."

"तेच म्हणतेय मी. पंपच तर होता."

तेव्हापासून घरात एकच जप सुरू झाला. दिवा लागत नाही? रॉजरला विचारू या. मासळी कुठे ताजी मिळते? रॉजरला विचारू या. थालीपीठ झालं की पहिलं खरपूस, लोण्याचा गोळा ठेवून, रॉजरला. मला तव्यावर मोडलेलं. मी तक्रार केली तर म्हणते, "मोडलेलं लवकर गार होतं हो." छत्तीस वर्षं संसार केला, माझं तोंड भाजेल याची काळजी तिला यापूर्वी कधी वाटली नव्हती!

तिसऱ्या आठवड्यात तिची नजर आमच्या छपरावर गेली. प्लेनोत तिने एकदा ड्राइव्हवेवर पापड वाळत घातले होते, तर असोसिएशनचं पत्र आलं होतं की यामुळे कॉलनीची शोभा जाते. इथे ना असोसिएशन, ना पत्र, आणि वर सणसणीत ऊन.

"अहो, ही तर गच्ची आहे! मी कुरडया घालते."

मंडईतून गहू आणले. तीन दिवस भिजत घातले. रोज पाणी बदलायचं. त्या आंबट वासाने गाडीत श्वास घेववेना. मी नाक खिडकीबाहेर काढून झोपायचो, पण निकाल डोक्यावर होता म्हणून ब्र काढला नाही. चौथ्या दिवशी सकाळी चीक शिजला. शैला सोऱ्याने ट्रेमध्ये कुरडया घालत होती. म्हणाली, "हे पाच ट्रे वर नेऊन ठेवता का?"

"चहा होऊ दे, मग बघू," मी म्हणालो.

"राहू दे. रॉजरला विचारते."

झालं! फायरमनला गाडीच्या मागे जोडलेली शिडी म्हणजे काय, दोन मिनिटांत गडी वर. आणि एकदाच नाही हो, दिवसातून दोनदा. कानात ती गाण्याची बोंडं घालून तो वर बसायचा, एकेक कुरडई उलटायचा आणि वरून हाका मारायचा, "शैला! ऑलमोस्ट डन!" खालून शैला विचारायची, "कडेच्या वाळल्या का?" माझ्या गच्चीवर परका पुरुष बसतो, माझ्या घरच्या कुरडया उलटतो आणि माझ्या बायकोशी त्यांच्या कडांबद्दल बोलतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निकालाचा रविवार उजाडला. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बेत असा की, शैलाला एकटीला गाडीतून समुद्रकाठच्या रस्त्याने पार दुसऱ्या टोकाला न्यायचं, नारळपाणी पाजायचं आणि रॉजरचं नावही निघणार नाही अशा जागी निकाल मागायचा. आंघोळीहून येऊन बघतो तर शैला गाडीत नाही. शेजारी रॉजरची खुर्ची रिकामी. खुर्चीवर नुसती टोपी.

मी काय समजायचं? दोघं मंडईत गेले! मला न सांगता! माझ्या निकालाच्या दिवशी!

"जा म्हणावं," मी मोठ्याने म्हणालो, "मी एकटा पितो नारळपाणी!" विजेची वायर उपटली, गाडी सुरू केली आणि निघालो. पाण्याचा पाइप काढायचा असतो, हे रागात कुठलं लक्षात राहायला? तो मागून फरफटत आला आणि तळावरच्या नळाचं कारंजं झालं. वरून धप् धप् आवाज आला. म्हटलं, झाडाच्या फांद्या लागत असतील. मग कोणी ओरडल्यासारखं वाटलं. मी रेडिओ मोठा केला.

समुद्रकाठच्या रस्त्याला लागलो आणि काय सांगू, माझं असं स्वागत माझ्या लग्नातही झालं नव्हतं! लोक हात हलवतायत, फोटो काढतायत, पोरं गाडीबरोबर पळतायत. मीही हात हलवला. हॉर्न वाजवला. आरशात मागे काहीतरी पांढरं-पिवळं, गोल गोल उडताना दिसलं. वाटलं, फुलं उधळतायत. (मी नम्रपणे मान झुकवली.) बाहेरच्या देशात माणसाची किंमत कळते, असं मनात आलं.

तेवढ्यात एक उघडी टॅक्सी शेजारी आली. त्या गावात अशा छोट्या, चारी बाजूंनी उघड्या टॅक्स्या असतात. तिच्यात शैला! गाऊनमध्ये, मांडीवर ओल्या कपड्यांची बादली. बाईसाहेब कपडे धुवायला गेल्या होत्या. ती हातवारे करत ओरडत होती, पण रेडिओत मला एकच शब्द ऐकू आला.

"रॉजर!"

इथेही रॉजर! मी ताशी दहाची गाडी बारावर नेली.

शेवटी पोलिसाने आडवी मोटरसायकल घातली. खाली उतरलो. तो स्पॅनिशमध्ये बोलत होता आणि बोट वर दाखवत होता. वर पाहिलं. रॉजर एसीच्या खोक्याला मिठी मारून पालथा पडला होता. केस उभे, चेहरा लाल आणि एका काखेत कुरडयांचा ट्रे! बाकीचे चार ट्रे मासातलानच्या जनतेवर उधळले गेले होते, पण हा एक त्याने सोडला नव्हता. तो शिडीवरून उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसानेसुद्धा!

शैला पळत आली. सरळ त्याच्याकडे. "रॉजर, लागलं नाही ना?" मग माझ्याकडे वळली. "अहो, जीव गेला असता त्याचा! डोकं ठिकाणावर आहे का?"

"मला वाटलं, तुम्ही दोघं..."

"आम्ही दोघं काय?"

"मंडईत..."

 ती फुटपाथवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "छत्तीस वर्षांत पहिल्यांदा जळलात हो माझ्यावरून! आधी सांगितलं असतंत तर मी रॉजरला रोज पुरणपोळी केली असती!"

पोलिसाने दंड न करता, स्पॅनिशमध्ये भरपूर बोलून आम्हाला सोडलं. मला काही कळलं नाही, पण मान खाली घालण्याजोगं असावं.

संध्याकाळी शैलाने वाचलेल्या ट्रेमधल्या कुरडया तळल्या आणि निकाल दिला. "गाडी ठेवायची."

"खरंच?" मला तर उडीच मारावीशी वाटली.

"छप्पर चांगलं आहे तिचं."

छप्पर तर छप्पर! गाडी वाचली होती. मी मोठ्या मनाने कुरडयांची ताटली घेऊन रॉजरकडे माफी मागायला गेलो.

"सॉरी कशाला, अ‍ॅव्ही?" तो म्हणाला. (माझं नाव अविनाश. तेही त्याने परस्पर दुरुस्त केलं होतं.) "पाच वर्षं मी इथे येतोय, पण हा समुद्र असा कधी दिसला नव्हता. उंचावरून, आडवं पडून, अख्खा किनारा! बेस्ट राइड ऑफ माय लाइफ!"

"हो? सांग ना, सांग ना," म्हणत शैलाने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

गाडी माझी, पेट्रोल माझं, ड्रायव्हर मी, आणि सफर घडली रॉजरला! मला सबंध रस्ताभर समोरच्या ट्रकचं बूड दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडीची किल्ली रॉजरच्या हातात ठेवली. म्हटलं, आता तू चालव, मी वर झोपतो. आणि शिडी चढायला लागलो. पाचव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी शिडीला घट्ट चिकटून डोळे मिटून घेतले. खालून शैलाचा आवाज आला, "हलू नका हो! रॉजरला बोलावते!"